बाभुळगाववालीचं गाणं

मी चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजी अक्षरं शाळेत नाही, ॲम्प्लिफायरच्या बटणांवर ओळखायला लागलो. फुलसावंगीत आणि आजूबाजूच्या गावांत माझा लाऊडस्पीकरचा सेट लग्नाबारशांना वाजायचा. पुढं सेट विकला, कॅसेटी ठेवल्या. विकतच्या थोड्या, मी स्वतः भरलेल्या जास्त. भजनं, तांड्यावरची होळीची गाणी, आणि आमच्याच अंगणात बायांनी म्हटलेली भुलाबाईची गाणी.

कॅसेटींना बुरशी धरली, तेव्हा तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांनी त्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये उतरवून दिल्या. माझा हात कापतो, माऊसचा बाण चित्रावर ठरत नाही. मुलगा म्हणाला, मोबाईल घ्या. मी नाही म्हटलं. मग चाचांनी काळा पडदा लावून दिला. त्यावर चित्र नाही, काही नाही. हुकूम लिहायचा आणि एन्टर दाबायचं. एल-एस लिहिलं की यादी दिसते. एम-पी-व्ही लिहून पुढं गाण्याचं नाव लिहिलं की गाणं लागतं. एम-व्ही, मग जुनं नाव, मग नवं नाव, की नाव बदलतं.

"भाईसाब, ये मशीन पुछती नई," चाचा म्हणाले. "बोला सो कर देती."

मला तेच आवडलं. घरातही मला कधी कोणी का म्हणून विचारलं नाही, मी सांगितलं ते केलं.

चाचांनी गाण्यांना नुसते आकडे दिले होते. एकेक ऐकून मी नाव देत गेलो. हे काम कोणालाही करू दिलं नाही. घरच्या कॅसेटी होळीत टाकल्या, आता त्यांचं काय काम म्हणून.

आमच्याकडं सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. माझ्या लहान भावाची बायको बाभुळगावची. ती जाऊन दोन वर्षं झाली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यानं तिचं नाव घ्यायचं नसतं, मी ते कधी घेतलं नाही. भुलाबाईचं एक गाणं तिनं पुढं होऊन म्हटलं होतं, त्याला मी नाव दिलं बाभुळगाववाली. इंग्रजीत चौदा अक्षरं, एकेक शोधून दाबली. भाऊ दर रविवारी दुपारी येऊन ते ऐकायचा. ऐकून झालं की टोपी घालून निघायचा. तिचा आवाज दुसरीकडं कुठं नव्हता.

पुढं माझ्या बायकोनं म्हटलेलं गाणं हाती लागलं. तीही बाभुळगावची, त्याच घरची, दोघी चुलत बहिणी. बायकोचं नाव तरी मी कधी घेतलं? तिच्या गाण्यालाही तेच नाव लिहिलं आणि एन्टर दाबलं. मशीननं विचारलं नाही.

रविवारी भाऊ आला. मी हुकूम लिहिला. दोन ओळी झाल्या आणि तो म्हणाला,

"भाऊ, हे वहिनीचं हाय."

यादी पाहिली. ते नाव एकदाच होतं. काय झालं ते मला तिथंच कळलं, आणि मी म्हणालो, मशीन बिघडली.

दुसऱ्या दिवशी बसनं चाचांकडं गेलो. त्यांनी बराच वेळ खटपट केली. म्हणाले, एकावर दुसरं बसलं, खालचं आता निघत नाही. लोकांचं सामान ते जवळ ठेवत नसत, त्यांच्याकडची प्रत कधीच पुसलेली होती. इकडं भाऊ रोज येऊन विचारायचा, सुधरली का. मी रोज उद्या म्हणायचो. बायको बघत होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मशीनवर हुकूम चालवता, तसं भावापुढं तोंड चालवा एकडाव."

त्या दुपारी सांगितलं. "मशीन नाही बिघडली. तिचं गाणं म्या पुसलं. माह्या हातानं."

भावानं चहाचा कप खाली ठेवला.

"मंग मले चार दिवस कायले वाट पाहाले लावली?"

मी लॅपटॉप मिटायला लागलो.

बायको दारातून म्हणाली, माझंच गाणं लावा. भुलाबाईचं गाणं एकटीचं नसतं. एकजण ओळ म्हणते, बाकीच्या मागून उचलतात. मी लावलं. भाऊ स्पीकरला कान टेकून बसला. बायकोची ओळ संपायच्या आधीच मागं एक बारीक आवाज उठला, मग बाकीच्या आल्या. पुढच्या ओळीलाही तसंच.

"हे तीच," भाऊ म्हणाला. "घाई करे. स्वयंपाकातही तशीच."

गाणं संपेपर्यंत तो आवाज सहा वेळा आला. भावानं बोटांवर मोजला.

मग मी पुन्हा हुकूम लिहायला बसलो. या वेळी एम-व्ही नाही. सी-पी लिहिलं की पहिलं तसंच राहतं आणि दुसरं तयार होतं, हे चाचांकडून विचारून आलो होतो. जुनं नाव लिहिलं. नव्या नावाशी बोट थांबलं.

"तिचं नाव सांग," मी भावाला म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेला. पाचच अक्षरं होती. मी ती दाबली, यादीत आहे का ते दोनदा पाहिलं, आणि वाचून दाखवताना ते नाव माझ्या तोंडून निघालं. भासऱ्यापुढं घेतात तसा पदर डोक्यावर ओढून घेत बायको आत गेली. भाऊ म्हणाला, "लावा आता."