मथुरावहिनींचे काळीज आणि फुगडी

कसालच्या मथुरावहिनी फुगडीला उभ्या राहिल्या की समोरच्या बाईने आधी घरच्यांचा निरोप घेऊन यावे, असे आम्ही शेजारी म्हणत असू. पण १९६२ साली मुंबईच्या एका इस्पितळात त्यांच्या छातीतल्या डाव्या बाजूच्या गाठीला क्ष-किरणांचा शेक दिला. गाठ गेली, मात्र तिथल्या डॉक्टरांनी बजावले, "या किरणांचा त्रास हृदयालाही होऊ शकतो. वर्षभर फुगडी बंद. मग तपासून घ्या."

वहिनींनी गाठीपेक्षा फुगडीबंदीचाच धसका घेतला.

घरी आल्यावर एकदा केळफूल चिरताना त्यांना औषध सापडले. चिरलेले केळफूल आमसुलाच्या पाण्यात टाकत त्या म्हणाल्या, "ह्या पाण्यात केळफूल काळां पडणा नाय. मगे माझां काळीज कशाक पडात?"

"अगो, काळीज काय चिरून ठेवलंस?" यजमान दत्ताराम म्हणाले.

"तुमच्याशी लगीन केलंय तेवाच चिरलां तां!"

झाले! सकाळी आवळा, दुपारी सोलकढी, संध्याकाळी आमसुलाचे सार. सोबतीला म्हणून दत्तारामांनाही तेच. महिन्याभरात त्यांचे दात असे आंबले की भाकरी ते नुसती बघत. तरी त्यांचा वहिनींवर पहारा कडक. वहिनी विहिरीकडे जरा झपझप निघाल्या, की मागून आरोळी, "हळू गो!"

वर्ष झाले. फुगड्यांचा सण, गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर असताना दोघे मालवणच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ठोके ऐकले, मग आमसुलाची हकीकतही ऐकली आणि पोटभर हसले.

"फळांतली काही द्रव्ये चिरलेली भाजी काळी पडू देत नाहीत, हे खरे. पण किरणांपासून ती हृदयाला वाचवतात का, हे मला माहीत नाही. शास्त्रज्ञ शोधताहेत म्हणे. तुम्ही आता वीस वेळा पायरी चढून-उतरून दाखवा. मग फुगडीचे बघू."

वहिनींना इतका धीर कुठला? त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नर्सबाईंचे दोन्ही हात पकडले.

"नको गो बाय!" असे नर्सबाई म्हणेपर्यंत तिसरा फेरा झाला होता. औषधाच्या बाटल्या किणकिणल्या. दत्तारामांनी डोळे मिटून घेतले.

थांबल्याबरोबर डॉक्टरांनी वहिनींच्या छातीला नळी लावली. मग घड्याळ बघत पुन्हा लावली. "दोन मिनिटांत ठोके जागेवर! खेळा. पण दमलात की बसायचे."

वहिनींचा चेहरा असा फुलला, की दत्तारामही आंबलेले दात विसरून हसले.

"बसतंय, डॉक्टरानू," वहिनी म्हणाल्या, "पण आदी हिका तपासा!"

नर्सबाई खिडकीचे गज घट्ट धरून, दवाखाना थांबायची वाट बघत होत्या.