कडीभाऊंचे दोन हिसके

उघडं दार दिसलं की कडीभाऊंचा हात शिवशिवतो. एरवी माणूस गरीब, पण दार सताड उघडं ठेवून त्यांच्याशी गप्पा मारून दाखवा! अर्धं लक्ष दाराकडेच. उभा जन्म कागदाच्या गोदामावर राखणदारी केली. दमट वारा आत शिरला की गठ्ठे फुगतात, म्हणून दिसलं दार की लोट, सरकव कडी, आणि दोन हिसके देऊन बघ. निवृत्त झाले, गोदाम सुटलं, हिसके काही सुटले नाहीत. आमच्याकडे जेवायला आले की जाताना आमचीच कपाटं लावून जातात. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या जावयालाही आठवत नाही.

याच सवयीपायी गेल्या सहलीत बायको गमावून बसले असते. मी सोबत होतो, म्हणून सांगतोय. तिखटमीठ लावायची गरजच नाही.

वहिनींना दमा आहे. त्यांचा पंप भाऊंच्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि पिशवीच्या चेनला चिमुकलं कुलूप. सकाळी बसमध्ये त्यावरूनच जुंपली.

"मला धाप लागली तर आधी श्वास शोधू की तुमची किल्ली?" वहिनी म्हणाल्या.

"चोरीला गेला म्हणजे कळेल."

"पंप कोण चोरतंय? चोराला दमा असेल तर नेऊ दे बापड्याला!"

सगळी बस हसली. भाऊंचे कान लाल झाले आणि दोघांचा अबोला सुरू झाला.

त्या दिवशी जुनं, नावाजलेलं चर्च बघायचं होतं. बाहेरून नुसती काळवंडलेली दगडी भिंत, आणि आत पाऊल टाकलं तर सोनंच सोनं! वेदीमागची मुलामा दिलेली लाकडी नक्षी थेट छताला भिडलेली. पिळाचे खांब, त्यांवर द्राक्षांचे वेल, कोनाड्याकोनाड्यात गंभीर चेहऱ्याचे संत. छतभर गुबगुबीत देवदूत रंगवलेले, एकानंही कधी उपास केलेला दिसत नव्हता. रंगीत काचांतला तांबडा उजेड नेमका आमच्या गाइडच्या टकलावर पडला होता, त्यामुळे इतिहास ऐकायचं राहिलंच.

वहिनींना देवदूत जवळून बघायचे होते. मागच्या खांबाआड एक बुटकं दार किलकिलं होतं. त्यातून गोल जिना वरच्या सज्जात, ऑर्गनपाशी जायचा. अबोला असल्यामुळे कुणाला न सांगता त्या आत शिरल्या. अर्ध्या जिन्यात दम लागला, तशा अंधारातच पायरीवर टेकल्या. तेवढ्यात रेंगाळत भाऊ तिथं आले. दार किलकिलं! पुढचं सगळं हातानं केलं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. लोटलं, कडी सरकवली, दोन हिसके दिले आणि समाधानानं संतांकडे वळले.

दुपारी चर्च बंद होतं. राखणदार म्हाताऱ्यानं किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आम्हाला बाहेर काढलं, दिवे मालवले, थोरला दरवाजा लावला आणि जेवायला घरी निघून गेला.

बस सुरू झाली तरी वहिनींची जागा रिकामीच.

"रुसल्या असतील," कुणीतरी म्हणालं.

"दुकानात असतील."

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, बायकोला कडीबिडी लावून आला नाहीत ना?"

सगळे खो खो हसले, मीही हसलो. भाऊ मात्र हसले नाहीत. ते आपल्या तळहाताकडे बघत होते. तळव्यावर गंजाचा लांबट डाग होता.

"लावली," ते म्हणाले. "मीच लावली. पंप माझ्याकडे आहे."

गाइड राखणदाराच्या घराकडे पळाला, आम्ही चर्चकडे. दरवाजा बघाल तर हत्ती अडेल असा. भाऊ त्यावर मुठी आपटायला लागले.

"अगं, ऐकतेस का? बोलू नकोस! धाप लागेल!"

"अहो, बोलल्या नाहीत तर कळणार कसं?" मी म्हणालो.

"मग जरा खोक!" ते ओरडले आणि फळीला कान लावला. आत काहीच नाही. आमच्यापैकी कुणालाच आता चेष्टा सुचेना. भाऊ कुलपाची किल्ली शोधायला लागले, घाईत ती खाली पडली. तशी त्यांनी दातओठ खाऊन चेन उपटली आणि पिशवी टरकन फाडली. जन्मभर कुलपं लावणारा माणूस!

राखणदार तोंड पुसत आला. "जेवणाच्या सुट्टीत उघडत नाही," एवढं ऐकवूनच त्यानं किल्ल्या चाचपायला सुरुवात केली. ही तळघराची, ही घंटेची... भाऊंनी एकदम त्याच्यापुढं हात जोडले, तेव्हा कुठं त्याची बोटं भराभर चालली.

आत काळोख. भाऊ बाकांना ठेचकाळत पळाले. बुटक्या दाराची कडी घट्ट बसलेली. लावली कुणी होती! खांदा लावून रेटा दिला, तेव्हा सुटली.

दारापर्यंत कशाबशा उतरून वहिनी सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या होत्या. ओठ निळसर, छातीत शिट्टी वाजत होती. भाऊंनी पंप त्यांच्या तोंडाला लावला. एक झुरका. थांबल्या. मग दुसरा. आम्ही आपापला श्वास धरून उभे. हळूहळू शिट्टी बारीक झाली.

"ओरडली का नाहीस?" भाऊ रडकुंडीला आले होते.

वहिनी थांबत थांबत म्हणाल्या, "हाक मारायला गेले, तर खोकलाच आला. पहिला हिसका ऐकला, वाटलं कुणी परकं असेल. दुसरा ऐकला आणि कळलं, घरचंच माणूस. म्हटलं, आता श्वास जपावा. यांच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो."

मास्तरीणबाई हसता हसता रडायला लागल्या. भाऊ तिथंच पायरीवर बसले आणि वहिनींचा हात बसमध्ये चढेपर्यंत सोडेनात.

पिशवीला आता कुलूप नाही, सेफ्टी पिन आहे. पंप वहिनींच्या पर्समध्ये असतो. कडीची खोड? ती कुठली जाते! परवा वहिनींना घेऊन आमच्याकडे आले होते. निघताना कपाटाचं दार लोटलं, मग थबकले, आत डोकं घालून विचारलं, "कुणी आहे का?"

स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, "मी इकडे आहे हो! लावा!"

मग कडी लागली. हिसका मात्र एकच.