आमचं बाय-बाय युनिट

"मंदारची बायको म्हणजे मूकपट आहे रे! चित्र छान, आवाज बंद!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि बाहेर हॉलमध्ये गोखले आपल्या मते हळू आवाजात बोलत होते. सगळे हसले. सगळ्यात आधी हसला तो सिनेमाच्या युनिटचा साउंडवाला, म्हणजे माझा नवरा.

लग्न करून ओमानमध्ये सीबला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. रुखवतातल्या साड्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. मी चहा घेऊन बाहेर गेले, गोखल्यांना विचारलं, "साखर?" ते म्हणाले, "वा! बोलपट!"

मूकपटाचा एक फायदा असतो. त्याच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात. श्रीखंडाचे रिकामे डबे कसे, कोणी मुद्दाम जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडलं की धडाधड अंगावर येतात. माझ्याकडे शम्साच्या युनिटचे किस्से तसे साठलेत. हसत हसत सांगायचे असं ठरवून बसले आहे. पण सांगताना कान गरम होतात, ते आधीच कबूल करते.

*

शम्सा ओमानी. चाळिशीची. अबाया, त्याखाली स्पोर्ट्स शूज आणि खांद्यावर स्वतःचा कॅमेरा. सिनेमे करते तेही स्वतःच्या जिवावर. कंपनी नाही, स्टुडिओ नाही. तिचं युनिट म्हणजे शुक्रवार-शनिवार सुट्टी असणारी आमची मंडळी. मंदार आठवडाभर आयटीत, शुक्रवारी साउंड. गोखले आठवडाभर अकाउंट्समध्ये, शुक्रवारी प्रॉडक्शन मॅनेजर, आणि विनोदी मात्र सातही दिवस. समोर तिला "मॅडम" म्हणायचं, पाठीमागे "अर्बाब", म्हणजे मालक.

शूटिंग निझव्याजवळच्या तिच्या गावात होतं. गाडीत सगळे पुरुष. गावात चर्चा नको म्हणून ती मंदारला म्हणाली, "वाइफ को लाओ." अशी मी सिनेमात आले! पोस्ट मिळाली कंटिन्युइटीची. मागच्या शॉटमध्ये टेलरची मापाची टेप डाव्या खांद्यावर होती की उजव्या, हे बघायचं. थोडक्यात, नीट बघायचं आणि गप्प बसायचं. या गोष्टीला जगात हुद्दा आहे हे मला माहीतच नव्हतं.

*

शम्साची पहिली शॉर्ट फिल्म एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली होती. हॉल गच्च भरला. ती खूश! नंतर कळलं, तिच्या आईने नातेवाइकांना फोनवर "शम्साचा मोठा दिवस आहे" एवढंच सांगितलं होतं. सगळे साखरपुडा समजून आले होते. अंधार झाल्यावर एक मावशी मोठ्याने म्हणाली, "मुलगा कुठाय?"

दुसऱ्या फिल्मला परदेशात बक्षीस मिळालं. तीच मावशी पुन्हा आली. हातात हलव्याचा डबा. म्हणाली, "मिळालं ना प्राइज? खलास! आता तरी घरी बस."

वडील अजूनही लोकांना सांगतात, माझी मुलगी लग्नाचे व्हिडिओ काढते. ते ऐकायला जास्त अब्रूदार वाटतं म्हणे. हे सांगून शम्सा स्वतःच खो खो हसायची. आम्हीही हसायचो. फक्त ती हसायची थांबली तरी आमचं चालू राहायचं.

*

गावात ज्या घरी जाऊ तिथे आधी खजूर आणि कहवा. त्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. शम्साच्या काकांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा काका स्वतः हातात किटली घेऊन उभे. गोखल्यांनी छोटा कप रिकामा केला की काका भरायचे. नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून गोखले प्यायचे. काका पुन्हा भरायचे. गोखले घामाघूम! डोळे मोठे झाले, पाय हलायला लागला.

शेवटी शम्साचं लक्ष गेलं. "गोखलेभाई, कप हिलाओ! हिलाओ!"

गोखल्यांनी घाबरून घंटा वाजवावी तसा कप हलवला. काका हसले आणि किटली घेऊन पुढे सरकले. बास झालं की कप हलवायचा, एवढीच तर रीत.

गाडीत बसल्यावर गोखले जे भडकले! "अरे, ही काय पद्धत आहे? साधी एक गोष्ट! आधी सांगायला हिचं तोंड दुखत होतं का? माणूस इथे मरतोय आणि बाकीचे मजा बघतायत!"

शम्साने त्यांची चारदा माफी मागितली. "सॉरी गोखलेभाई. मुझे लगा आप को मालूम है."

*

नव्या सिनेमातला टेलर तिला फारच गमतीने मिळाला. तिच्या एडिटिंगच्या खोलीतला एसी बंद पडला, म्हणून मंदारने आमच्या ओळखीच्या सावंतांना पाठवलं. सावंत कुडाळचे, एसी मेकॅनिक. त्यांनी मशीन उघडण्याआधी वितीने खिडकी मापली. शम्सा बघतच राहिली. म्हणाली, "टेलर मिल गया!"

सावंतांनी आयुष्यात कधी नाटकातही काम केलेलं नाही. पहिल्या दिवशी शिवणयंत्रावर बसवलं. शम्सा म्हणाली, सिर्फ सोचो, कुछ बोलो मत. कॅमेरा चालू. सावंत विचारात गढले. इतका सुंदर चेहरा, की मीही टेप बघायची विसरले. आणि शांततेत आवाज आला, "शेजारच्या घराचो काँप्रेसर गेलो हा."

मंदारने हेडफोन काढून सांगितलं, खरंच गेलाय!

*

आता मुख्य गोष्ट. शम्सा लहान असताना त्यांच्या गावात महादेव नावाचा टेलर होता, राजापूरकडचा. ती दिवसभर त्याच्या दुकानात चिंध्या गोळा करत बसायची. एका ईदला तो तिचा हिरवा झगा शिवत होता. एक बाही लावून झाली होती. मग त्याला गावाहून निरोप आला. निघताना त्याने अर्धा झगा तिच्या हातात दिला, डोक्यावर हात ठेवला आणि एकच शब्द बोलला. तिने शेजारच्या किराणावाल्याला अर्थ विचारला. तो मुंबईत राहिलेला.

"वो बोला, इसका मतलब, मैं आता हूँ." शम्सा आम्हाला सांगत होती. "मैं ईद को दुकान के बाहर बैठी. अगली ईद को भी. वो झूठ बोल के गया. पूरा पिक्चर इसी पे है. वो शब्द अभी तक याद है मेरे को. येतो."

आम्ही चौघे मराठी. चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

ती लेन्स बदलायला गेली तसे गोखले पुटपुटले, "खबरदार कोणी बोलाल तर! सगळा सिनेमा त्या एका शब्दावर उभा आहे. ती वीट काढलीत तर पिक्चर खलास. आपले एवढे शुक्रवार पाण्यात!"

सावंत म्हणाले, "पण माझ्या तोंडान तो खोटो ठरता. माका बरा नाय वाटत."

"सावंत, तुम्ही अॅक्टर. अॅक्टरने विचार नाही करायचा."

मी मंदारकडे बघितलं. तो वायर गुंडाळत होता, फार मन लावून. म्हणाला, "तू यात पडू नकोस. प्रोफेशनल मॅटर आहे."

मला आईची आठवण झाली. एअरपोर्टला निघताना मी उंबऱ्यात म्हणाले होते, "आई, जाते हं." सगळ्यांदेखत ओरडली. "जाते काय! येते म्हण!" मी "येते" म्हटलं, मगच तिने हातातली बॅग सोडली.

मी वहीत लिहिलं, टेप डाव्या खांद्यावर.

*

तो शॉट घेतला त्या दिवशी पुन्हा पुन्हा टेक. सावंत झगा देतात, डोक्यावर हात ठेवतात, म्हणतात, "येतो." शम्सा म्हणते, "कट! सावंतभाई, झूठ बोलने जैसा बोलो."

पुन्हा. "येतो."

"नहीं नहीं. आँख मत मिलाओ."

पुन्हा. "येतो." या वेळी सावंतांचे डोळेच भरले.

शम्सा वैतागली. "यल्ला, सावंतभाई! बहुत सच्चा लग रहा है!"

गोखले भिंतीकडे तोंड करून हसत होते. खांदे हलताना दिसत होते. मला वाटलं जमीन दुभंगावी. पण निझव्याकडची जमीन नुसता खडक.

*

पुढची अडचण वेगळीच. रोज पॅकअप झालं की आम्ही एकमेकांना काय म्हणणार? "चला, येतो!" शम्साने ऐकलं तर? म्हणून गोखल्यांनी फर्मान काढलं, आजपासून सगळ्यांनी "बाय-बाय" म्हणायचं.

त्यानंतर आमच्या युनिटइतका इंग्लिश निरोप अख्ख्या ओमानमध्ये कोणी घेतला नसेल. सावंतांनी जन्मात कोणाला बाय केलेलं नव्हतं. ते गाडीपाशी उभे राहून, सैनिकासारखा हात वर करून म्हणायचे, "ओके. बाय-बाय. इन्शाल्ला." शम्साला ते इतकं आवडलं की तीही आम्हाला बाय-बाय करायला लागली. मंदारला म्हणाली, "तुम महाराष्ट्र के लोग बहुत मॉडर्न हो!"

घरी आल्यावर मंदारने तिची नक्कल करून दाखवली. मी हसले नाही. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." मूकपट!

*

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी शम्साने आम्हाला सीबला तिच्या घरी बोलावलं. सिनेमा जोडून झाला होता. रविवारी बाहेरच्या एका फेस्टिव्हलला पाठवायचा, त्याआधी युनिटला दाखवायचा. बैठकीच्या भिंतीवर चादर लावली होती. दाराजवळच्या खिळ्यावर तो खरा हिरवा झगा टांगलेला. एका बाहीचा.

सिनेमा फार सुंदर होता. हेच तर वाईट. शेवटी सावंत रस्त्याने पाठमोरे चालत जातात, आणि शम्साचा स्वतःचा आवाज येतो, अरबीत. खाली इंग्लिश अक्षरं. मला एकदा खोटं सांगितलं गेलं. तेव्हापासून मी कोणाच्याही निरोपावर विश्वास ठेवत नाही.

दिवे लागले. सावंत मान खाली घालून बसले होते. गोखल्यांनी टाळ्या वाजवल्या. "क्लास, मॅडम! एकदम क्लास!" शम्साने डोळे पुसले आणि सगळ्यांना कहवा दिला. गोखल्यांनी दुसऱ्या कपाला न विसरता कप हलवला. कपाळावर आठीसुद्धा नाही.

मग सगळे उठले. चपला शोधणं झालं. गोखले फार खुशीत होते, पोट भरलेलं, काम संपलेलं. दारात एक पाय बाहेर टाकून, मागे वळून, अगदी मनापासून म्हणाले,

"चला मॅडम, येतो!"

शम्सा किटली हातात धरून थांबली. "वापस क्यों आओगे, गोखलेभाई? कुछ भूल गए?"

"नाही... नहीं नहीं. वो तो... बाय-बाय!" गोखले म्हणाले. मंदारने खिशात किल्ली शोधायला सुरुवात केली. सावंतांनी माझ्याकडे बघितलं.

शम्सा एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग खिळ्यावरच्या झग्याकडे. मग पुन्हा आमच्याकडे.

मंदारने माझं कोपर धरलं. मी ते सोडवून घेतलं आणि माझा आवाज मला ऐकू आला, वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा.

"नहीं शम्सा, ये वापस नहीं आ रहे. घर जा रहे हैं. हमारे यहाँ 'जाता हूँ' कभी नहीं बोलते, मेरी माँ ने भी नहीं बोलने दिया. महादेव झूठ नहीं बोला. झूठ हम बोले, हर शुक्रवार. बाय-बाय बोल के."