गाळलेल्या पाण्याची गल्ली

अक्का जाऊन महिना होत आला. भेटायला येणारे आधी डोळे पुसतात आणि मग तिच्या फडक्याची गोष्ट काढून हसतात. त्यांच्यात बसून मलाही हसू येतं.

ती गोष्ट घडली तेव्हा निजामी जाऊन फार दिवस झाले नव्हते. जनवाड्याच्या बाजूच्या आमच्या गावाला पायऱ्यांची एकच विहीर होती. घागर भरायला घोटाभर पाण्यात उतरावं लागे. पेरणी तोंडावर आली की गावात नारू निघे. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा जंत डोकावायचा, आणि तो काडीला गुंडाळत माणूस ऐन कामात बाजेवर पडून राहायचा. बीदरहून आलेल्या डॉक्टरांनी पाणी गाळून प्या म्हणून सांगितलं. सगळ्या गावानं मान डोलावली. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, ते खरं मानलं.

तिनं जुनं लुगडं फाडून गल्लीत घरोघर फडकी वाटली. येता-जाता ती लोकांच्या रांजणात डोकावू लागली. समोरचे अप्पा तेवढे बधले नाहीत.

"अक्का, देवळातलं तीर्थबी गाळायलीस काय?"

"व्हय. तुमचं बोलणंबी गाळलं असतं अप्पा, पर खाली कायबी उतरायचं न्हाई."

पुढच्या वर्षी पाऊस पडून पेरणीजोगा वाफसा आला तेव्हा आमची गल्ली पायांवर उभी होती आणि अप्पा नारूनं बाजेवर होते. घरात दुसरा गडी नव्हता. बाकीच्या गल्ल्यांतही माणसं आडवी, त्यामुळे मजूर मिळेना. ओल उडाली की त्यांची वर्षाची ज्वारी गेली. तरी अप्पांनी कुणाला हाक मारली नाही.

अक्कानंच गल्ली गोळा केली. मी बीदरला मास्तर, सुटीला आलेलो. "पुस्तकं ऱ्हाऊ दे, पाय तरी कामाला येऊ देत," म्हणून तिनं मला बैल हाकायला लावलं. बी सोडायला तिफणीच्या चाड्यावर ती स्वतः उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत शेत पेरून झालं.

"कामून केलंस गं?" अप्पा म्हणाले. "मी एवढं बोललो तुला."

"तुमचं शेत पडीक पडलं तर बांधावरून भांडायला आम्हाला कोण ऱ्हाईल?"

अप्पांनी उशाचा पटका उचलला आणि तो तिच्या पुढ्यात टाकला.

"तुझ्या लुगड्यातलं पाणी मी पिणार न्हाई. गाळायचं तर ह्यातनं गाळ."

पाय बरा झाल्यावर काठी टेकत ते शेतावर गेले. मी हाकलेल्या तासांतल्या ओळी नागमोडी उगवल्या होत्या.

"मास्तर," परत आल्यावर त्यांनी भर गल्लीत विचारलं, "पोरांच्या पाट्यांवरबी असंच लिवायलास काय?"

सगळी गल्ली हसली. अक्का तर पदर तोंडाला लावून खालीच बसली. ज्वारी मात्र बांधापासून बांधापर्यंत उगवली होती.