आमालेंचे गोड बटाटे

यांगडोल आमालेंच्या, म्हणजे लडाखीत यांगडोल आईंच्या, तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती. सुनेच्या शिवणयंत्राला तर त्यांनी आल्या दिवसापासून धारेवर धरलं होतं. "हिच्या आईनं लग्नात डोईवर चढवलेले फिरोज्याचे खडे विकले नि आणलं काय, तर वीज खाणारी सुई!" येणाऱ्याजाणाऱ्याला हेच ऐकवायच्या. सून कुन्झेस मान खाली घालून शिवत राहायची. लोसारच्या, नव्या वर्षाच्या सणासाठी अर्ध्या गावाचे गोंचे, म्हणजे लांब लोकरी झगे, तिनं शिवायला घेतले होते, आणि सगळी मदार त्या एका यंत्रावर.

ऐन थंडीच्या तोंडावर तिला बाळंतपणासाठी लेहला जावं लागलं. घाईत यंत्र वरच्या खोलीतच राहिलं. हिवाळ्यात सगळं घर चुलीच्या खोलीत गोळा होतं; बाकी खोल्यांत बादलीतल्या पाण्याचा दगड होतो. लेकीला पाजताना कुन्झेसच्या डोळ्यांपुढे यंत्राचा थंडीनं काळा पडलेला छोटा स्क्रीन यायचा. सीमेवर नोकरीला असलेल्या नवऱ्याला ती फोनवर म्हणाली, "आमालेंना सांग ना, यंत्र खाली आणायला."

"तूच सांग बाई. मला अजून जगायचंय," नामग्याल हसला.

लोसार जवळ आल्यावर ती परतली. आमालेंनी नातीला छातीशी धरलं नि सुनेकडे बघून म्हणाल्या, "काय गं ही दशा! लेहवाले जेवायला घालत नाहीत वाटतं?" कुन्झेस तशीच वर धावली. खोली रिकामी! विकलं. नाहीतर कुणाला देऊन टाकलं. विचारायची हिंमत होईना, राग गिळवेना.

खाली येऊन तिनं थुक्प्याचा, शेवया-बटाट्याच्या गरम रश्श्याचा, वाडगा हाती घेतला. पहिल्याच घासाला बटाटा गोड लागला, गोड आणि गिळगिळीत. गोठलेला बटाटाच असा गोड होतो! आणि तोही या घरात? थंडीत फ्रिजची वीज बंद करून बटाटे-अंडी त्यात ठेवायची, म्हणजे गोठत नाहीत. ज्यांचे गोठतात त्यांची आमाले वर्षभर टिंगल करायच्या.

"आमाले, बटाटे फ्रिजमध्ये नव्हते का ठेवले?"

"मुकाट्यानं खा." आमाले नातीचं टोपरं सारखं करत बसल्या.

कुन्झेस उठली, शेजारच्या कोठीत जाऊन तिनं फ्रिज उघडला. आतले कप्पे काढलेले. आमालेंच्या लग्नातल्या लोकरी शालीत गुंडाळलेलं यंत्र मधोमध बसलं होतं.

"यंत्राला वर गारठा, चुलीपाशी वाफ," मागून आमाले गुरगुरल्या. "बटाट्यांनाही ओल सुटते. दिले हाकलून."

कुन्झेस रडायलाच लागली. अहो, हिवाळ्याचे सगळे बटाटे! धन्य त्या बाईची! ती शाल सोडायला गेली, तर आमालेंनी हातावर चापट मारली.

"गुंडाळलेलंच आत ने. उद्यापर्यंत बटणाला हात लावायचा नाही. मागच्या लोसारला थंडगार टीव्ही मी चुलीपाशी आणून लगेच लावला, आत पाणी सुटलं नि फट्कन गेला. मीच मारला तो."

"पण आमाले, तुम्हाला तर हे यंत्र डोळ्यांसमोर नको होतं."

"नकोच आहे! पण तुझ्या आईचे खडे आहेत ते, कुन्झेस. बटाट्यांपायी गोठू देऊ?"

कुन्झेसनं यंत्र शालीसकट उचलून आत नेलं, डोळे पुसले आणि वाडगा पुढे केला.

"अजून वाढा," ती म्हणाली. "बटाटे जास्त घाला."