डाव्या कानाला काप

वडवणीच्या स्टँडवर बीडची गाडी लागली, तेव्हा आबांचा पत्ता नव्हता. माय होती, धाकटा भाऊ दत्ता होता, माझ्या दोन फुगलेल्या बॅगा होत्या. नवरा आधीच रॉटरडॅमला जाऊन राहिला होता, आता मी निघाले होते. ड्रायव्हर चढला तसे आबा धोतराला हात पुसत रस्ता ओलांडून आले. बोटाला रक्त होतं.

"कोकराच्या डाव्या कानाला काप दिला," ते म्हणाले. "मेंढी हाय. आता ती तुझी."

आमच्या घरात लेक सासरी निघाली की तिला एक मेंढी देतात. ती राहते बापाच्याच कळपात, पण तिची आणि पुढे तिला होणाऱ्या पिल्लांची मालकीण लेक. तिच्या शब्दाशिवाय भावाला त्यातलं एकही जनावर विकता येत नाही. माझ्या लग्नाच्या गडबडीत हे राहून गेलं होतं. तिकडं मला मेंढीचं काय करायचंय, असं मी म्हणाले, तर आबा म्हणाले, "तू जा की. ती हितंच ऱ्हाती." गाडी हलली आणि मी वडवणी दिसेनाशी होईपर्यंत रडले.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखंच गाव सोडून कुठे कुठे पांगलेल्यांनो, मी निघाले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये फळं तपासते. जगाचं पोट कसं भरतं ते मला तिथे रोज दिसतं. पेरूहून ॲव्होकॅडो येतात, आफ्रिकेतून शेंगा येतात, आपल्याकडची द्राक्षंही येतात. इथल्या गाईडुकरांसाठी समुद्रापलीकडून जहाजं भरभरून सोयाबीन येतं. कच्चं फळ थंडीत झोपवायचं, हवं तेव्हा गॅस सोडून उठवायचं, हे माझं काम. नोकरी चांगली आहे, तक्रार नाही. पण इथे कुणी मला ताजं आणि स्थानिक खाण्याचं महत्त्व समजावायला लागलं की माझं डोकं फिरतं.

तसंच ते गेल्या वर्षी फिरलं. माझी मुलगी रेणू दहा वर्षांची आहे. तिच्या शाळेत जेवणाचा आणि पृथ्वीचा प्रकल्प होता. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, प्रत्येक मुलाने घरी खाल्लेल्या पदार्थाचं चित्र त्यावर लावायचं आणि त्याखाली रंगीत टिकली. हिरवी म्हणजे पृथ्वीला सोसेल, लाल म्हणजे सोसणार नाही. रेणूने कौतुकाने आबांच्या मेंढरांचा फोटो नेला आणि त्याला लाल टिकली लागली. शेजारच्या मुलाच्या ॲव्होकॅडोला हिरवी. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने आबांना सरळ सांगून टाकलं, "आबा, मेंढ्यांमुळे पृथ्वी गरम होते. तुम्ही त्या विकून टाका ना."

आबा हसले. मग म्हणाले, "तुझ्या मामाचंबी तेच म्हननं हाय, बाई."

मला हे असं कळलं. दत्ताने विहिरीचं पाणी धरून ऊस लावायचं ठरवलं होतं. तेलगावकडे सगळा ऊसच झालाय, आपणच कावून मागं ऱ्हायचं, हे त्याचं म्हणणं. त्यासाठी कळप विकायला व्यापारीही बघून झाला होता. आबांनी मला एका शब्दाने कळवलं नव्हतं.

मी तिरीमिरीत रेणूच्या शाळेत गेले. तिच्या बाई चांगल्या आहेत, त्यांनी कॉफी दिली आणि शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, जहाजाचा प्रवास धरला तरी एकंदरीत मांसाचा बोजाच जास्त भरतो. ते खरं आहे, मी शिकलेली बाई आहे, शास्त्राशी भांडायला गेले नव्हते. मेंढी ढेकर देते आणि तिच्या ढेकरातून गॅस निघतो, मान्य. पण बंद गोठ्यात दुसऱ्या खंडातलं सोयाबीन खाऊन फुगवलेलं जनावर आणि माझ्या बापाची मेंढरं एकाच टिकलीत कशी बसतात, एवढंच मला विचारायचं होतं.

आमची मेंढरं काय खातात, तर कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांचा पाला, ज्वारीची धसकटं, बाभळीच्या शेंगा. माणसाच्या तोंडचा घास त्यात नाही. उन्हाळ्यात पालीपासून वडवणीपर्यंतचे शेतकरी आबांना बोलावतात. रिकाम्या रानात वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि रात्रभर कळप तिथे बसवायचा. सकाळी मेंढरं उठली की रान लेंड्यांनी काळं झालेलं असतं. शेतकरी त्याबद्दल ज्वारी देतो, आणि पुढच्या पेरणीला त्या रानात खताची गोणी कमी लागते. घरात मटण शिजायचं ते सणाला किंवा पाहुणा आला तर. मी बाईंना म्हटलं, निदान पिवळी टिकली छापून घ्या. त्या हसल्या, पण लाल टिकली काही काढली नाही.

त्याच आठवड्यात दत्ताचा फोन आला. आवाज चढलेला होता. व्यापारी आला होता, ताईची सोडून बाकीची देतो असं कबूल करून दत्ता कानाचे काप बघत मेंढरं वेगळी काढायला लागला, आणि शेवटच्या मेंढीपर्यंत जाऊन थांबला.

"ताई, सगळ्याच मेंढ्यांचे कान कापलेत म्हाताऱ्यानं. सगळ्या तुझ्याच. येवढ्या कवा झाल्या तुझ्या?"

झाल्या नव्हत्याच. मी गेल्यापासून आबा जन्मलेल्या प्रत्येक मेंढीला माझी खूण करत आले होते, कुणाचीही पिल्लं असोत. आता शब्द माझा लागणार होता. दत्ता म्हणाला, "तू हो म्हन, मोकळं कर." मी नाही म्हटलं. "तिकडं बसून न्हाई म्हनायला काय जातंय? राखायला कोन हाय हितं?" हे त्याचं बोलणं मला लागलं, कारण ते बरोबर होतं. उन्हात रान तुडवतात आबा, मी नाही. मी विमानाने उडून दोन वर्षांतून एकदा येते आणि परत जाताना बॅगेत ज्वारीचं पीठ नेते, माझी टिकली काही हिरवी नाही. तरी मी नाहीच म्हटलं. आबांना होईनासं झालं की राखणीला माणूस मी लावीन, पण विहिरीतलं पाणी उसाला पाजून साखर जगभर फिरवण्यासाठी माझी मेंढरं उठणार नाहीत.

मग त्याने आबांना फोन दिला. मी विचारलं, कावून केलं हे असं?

"पोरगं हाय माझं. त्याला न्हाई म्हनाया माझी जीभ उचलत न्हाई," ते म्हणाले. "तुझी उचलती."

दत्ता माझ्याशी अजून नीट बोलत नाही. रेणूच्या शाळेतला नकाशा उतरवला, तेव्हा ती आबांच्या मेंढरांचा फोटो घरी घेऊन आली आणि तो फ्रीजवर लावला, लाल टिकलीसकट. मी ती टिकली काढलेली नाही. बघणाऱ्याने विचारावं, मग मी सांगते. इथे माझं घर आहे, काम आहे, इथली भाषा मी अडखळत का होईना बोलते आणि इथे माझ्या हो-नाहीने कुणाचं काही अडत नाही. वडवणीला मात्र एक अख्खा कळप अजून रानात बसतो, कारण मी नाही म्हटलं आहे. कुणी विचारलं तुझं गाव कोणतं, तर मी तेच सांगते.