दोन थेंब जवसाचं तेल

देविदास मंगळवारी गेला. शाळेत दुसरा तास सुरू होता. शिपायानं दारात येऊन सांगितलं. मी फळा पुसला, हजेरीपट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या घरी गेलो. चार वाजता आम्ही त्याला नदीवर नेलं. सहा वाजता मी माझ्या घरी येऊन कुलूप काढलं.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. त्याच्याबद्दल लिहावं असं पहिल्याच आठवड्यात मनात आलं होतं, पण त्याच्या कामाचा विषय असा, की तो वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या वाचकांसमोर कसा मांडावा हे कळेना. मग वाटलं, ज्या गोष्टीचं नाव घ्यायला आम्ही सगळे लाजलो तिच्यातच या माणसाचं आयुष्य गेलं. आता निदान त्याच्यासाठी तरी नाव घ्यावं. देविदास आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात कुटुंब नियोजनाचा कार्यकर्ता होता. आर्वी तालुक्यातली आसपासची दहा-बारा गावं त्याच्याकडे होती. सायकलच्या दांडीला खाकी पिशवी, पिशवीत कंडोमची पाकिटं. गावात त्या वस्तूला फुगे म्हणत आणि त्याला फुगेवाले. त्याचं त्याला काही वाटत नसे. पानठेल्यावर एकदा माझ्यासमोरच कोणीतरी त्याला टोकलं, "काऊन हो फुगेवाले, माह्या मापाचा आहे काय?" देविदास सायकल न थांबवता म्हणाला, "चपलेले धा नंबर असतात बापू, अन् याले सरकारजवळ एकच. बसन तर घाल, नाई तर अनवानी राह्य." ठेल्यावरचे सगळे हसले. पुढे वळणावर गेल्यावर मात्र तो मला म्हणाला की जो हसत विचारतो तोच खरं विचारत असतो, आणि त्याला द्यायला आपल्याजवळ उत्तर नाही.

आमची ओळख पुस्तकांमुळे झाली. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो; शाळेचं ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं, त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. देविदास मॅट्रिक होता. पुढे शिकायचं राहून गेल्याचं त्याच्या मनात होतं, ते तो वाचून भरून काढत असे. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी तो माझ्या घरी यायचा, आठवड्याचं पुस्तक परत करायचा, दुसरं न्यायचा. इंदू, माझी बायको, त्याच्यासाठी मुद्दाम कमी साखरेचा चहा करायची, कारण गावोगाव त्याला पाहुणचाराचा गोड चहा प्यावा लागे. तो तिला वहिनी म्हणायचा आणि तिच्याशी पावसापाण्याचं, भाजीपाल्याचं बोलायचा. त्याच्या पिशवीविषयी आमच्या घरात कधी शब्द निघाला नाही. निघायची वेळ आली ती आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी.

इंदूचं पहिलं बाळंतपण वाया गेलं होतं. तेव्हाच वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणीच्या तापानं हिच्या हृदयाची झडप खराब झालेली आहे, पुन्हा दिवस गेले तर जीव वाचेल असं धरून चालू नका. देविदासनं आधी मला माझ्या शस्त्रक्रियेचं सुचवलं. पण नसबंदीच्या सक्तीचे दिवस तेव्हा ताजे होते, माझी आई हयात होती, घरात मूल नव्हतं... आणि खरं सांगायचं तर मी भ्यालो. मग तो पाकिटं देऊ लागला. पुस्तकाच्या पानांत घालून द्यायचा, म्हणजे इंदूसमोर अवघडायला नको. त्या वेळी ती पाकिटं कोरडी असायची, आत नुसती पांढरी पूड. तोंडाची कडी इतकी घट्ट की वळ उठावा, आणि बाकीचं अंग ढिलं. इंदूला त्याचा त्रास व्हायचा. ती बोलायची नाही, मला कळायचं. दोन महिने मी गप्प राहिलो आणि मग एका शनिवारी, ती मागे भांडी घासत असताना, देविदासला सांगितलं. तो हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाला, "दोन थेंब जवसाचं तेल लावत जा मास्तर. मी सगळ्याईलेच सांगतो हे."

जवसाचं तेल आमच्याकडे कुणाच्या घरात नसतं? आम्ही तसं केलं. त्रास कमी झाला. इंदूनं आपणहून मला एकदा म्हटलं की देविदासभाऊजी फार चांगले आहेत. कशाबद्दल ते ती बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले. तिची पाळी तशीही मागेपुढे व्हायची, त्यामुळे कळलं तेव्हा पाचवा महिना लागला होता. डॉक्टर म्हणाले, आता काढण्यातही तेवढाच धोका. सातव्या महिन्यात तिला चालताना दम लागू लागला, मग बसल्या बसल्या, मग पडल्या पडल्या. वर्ध्याला नेताना ती जीपमध्ये माझ्या खांद्याला टेकून बसली होती आणि सेलू आलं का, असं विचारत होती. सेलू वर्ध्याच्या पलीकडे आहे, ते तिचं माहेर. ती आणि बाळ एकाच दिवशी गेले. देविदास आमच्यासोबत होता. परत येताना तो जीपमध्ये मागे, तिच्या पायांशी बसला.

वर्षभरानं तो रोहण्याच्या बाजारात सायकल दुरुस्त करायला थांबला होता. आपणच चाकात तेल सोडायला गेला आणि ते ट्यूबवर सांडलं. दुकानदार त्याच्यावर खेकसला की तेलानं रबर सडते एवढंही ठाऊक नाही का, दोन दिवसांत ट्यूब हातात येईल. देविदास सायकल तिथेच टाकून बसनं परत आला आणि सरळ माझ्या घरी आला. शनिवार नव्हता. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. तो उभाच राहिला.

"मास्तर, तेलानं रबर सडते. मी तुमाले तेल सांगतलं."

मी म्हणालो, "असू दे, देविदास."

एवढेच शब्द. तो तसाच वळून गेला. त्या दोन शब्दांत त्याला क्षमा ऐकू आली असेल किंवा नसेल, पण मी त्याला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. आठवीच्या विज्ञानात रबराचा धडा आहे. दर वर्षी त्या धड्याला मी वर्गात एक बशी मांडत असे. तीत जवसाचं तेल, त्यात फुग्याची एक पट्टी. दुसऱ्या दिवशी ती फुगलेली असायची आणि पोरांच्या बोटांनी ओढताच तुटायची. खाली मी वहीत लिहून द्यायचो : तेलामुळे रबर सैल पडते व कमजोर होते. देविदासनं मला दोन थेंबांचा सल्ला दिला त्या वर्षीही मी बशी मांडली होती. त्याच घरातलं तेल त्याच बाटलीतून शाळेत नेलं होतं. देविदासला ठाऊक नव्हतं म्हणून त्यानं सांगितलं. मला ठाऊक होतं आणि मी ऐकलं. शाळेत शिकवलेलं घरात लागू पडतं, हे मला सुचलंच नाही.

त्या दिवसानंतर देविदासनं जे केलं ते मी कोणाला करताना पाहिलेलं नाही. ज्या ज्या घरी त्यानं तेल सांगितलं होतं, त्या प्रत्येक घरी जाऊन तो म्हणाला की मी चुकीचं सांगितलं. लोकांनी त्याला सोडलं नाही. एका गावात एक म्हातारा म्हणाला, "काल लावा म्हने, आज लावू नोका म्हन्ते, उद्या काय कढीत टाका म्हनशीन?" देविदास तेही ऐकून घ्यायचा आणि मला येऊन सांगायचा. केंद्रातली खोकी टिनाच्या शेडमध्ये असायची, वैशाखात तिथे हात ठेववत नसे. ती त्यानं आतल्या खोलीत, माठांच्या शेजारी आणली. दर खोक्यातलं एक एक पाकीट फोडून, पाणी भरून, केंद्रामागच्या कडुनिंबाला टांगून बघायचा. कडुनिंबाला लटकलेले ते लांबोळके पाहायला शाळा सुटल्यावर गर्दी व्हायची. कोणतं कुठून गळतं ते तो लिहून ठेवी. पाकीट फाडताना नखानं फाटतात, वर ठेवलेली खोकी आधी वाळतात, हे त्यानं असंच शोधलं.

पण त्याच्या डोक्यातून नंबर जात नव्हता. एकाला घट्ट, एकाच्या निसटून जाते, आणि निसटलं की बाईचं नशीब... असं तो अर्धवट म्हणायचा आणि माझ्याकडे बघून थांबायचा. मग त्याला एक युक्ती सुचली. कागदाच्या पट्ट्या कापून तो गावोगाव पुरुषांना देऊ लागला. घरी जाऊन, योग्य वेळी, पट्टी गुंडाळायची, जिथे टोक भेटलं तिथे फाडायची आणि केंद्राच्या दारातल्या भोक पाडलेल्या डब्यात टाकायची. नाव नको, गाव नको. महिनाभरानं डबा घेऊन तो माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी माझ्या जेवायच्या टेबलावर त्या पट्ट्या एकीखाली एक मांडल्या. काहींनी घेराऐवजी लांबी मोजली होती. एक पट्टी फाडलेलीच नव्हती, होती तेवढी अख्खी परत आली होती. देविदास ती हातात धरून म्हणाला, "हा आपला सरपंच असन, मास्तर." इंदू गेल्यानंतर त्या घरात मी पहिल्यांदा हसलो. हसून झाल्यावर मी स्वयंपाकघराकडे पाहिलं, सवयीनं. देविदासनंही पाहिलं.

लांबी मोजलेल्या बाजूला काढल्यावर जे उरलं ते कोणालाही दिसलं असतं. पट्ट्या तीन ढिगांत पडत होत्या. पाकिटं बनवणाऱ्या कारखान्याला आम्ही पत्र लिहिलं. मजकूर त्याचा, इंग्रजी माझं. तीन मापं असावीत. तोंडाची कडी मऊ असावी. वंगण कारखान्यातच लावून यावं, आणि ते तेलाचं नसावं, कारण इथला माणूस कोरडं असलं की घरातलं तेल लावणारच. वेष्टण उजेड आत न जाऊ देणारं आणि कुठूनही सहज फाटणारं असावं. सोबत पट्ट्या जोडल्या. दोन महिन्यांनी पोच आली, छापील, आपले पत्र मिळाले एवढीच. त्यानं पुन्हा लिहायला लावलं. पुढच्या वर्षी पुन्हा. पाच-सहा वर्षं दर दिवाळीनंतर आम्ही ते पत्र नव्यानं लिहीत होतो, आणि प्रत्येक वेळी तेलाच्या वाक्याशी आलो की तो खिडकीबाहेर बघायचा. माझी लेखणी तिथे थांबायची. मला वाटायचं, आता सांगावं... आणि मी पुढचं वाक्य विचारायचो.

मग एका शनिवारी त्यानं माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. रंग वेगळा, कागद जाड. "आली मास्तर. कारखान्यातूनच ओली येते आता." आमच्या पत्रानं ती आली नव्हती हे त्यालाही कळत होतं, तो तसं म्हणालाही नाही. माप अजून एकच होतं. तो ते पाकीट उलटंसुलटं करत बसला आणि मी त्याला चहा करून दिला, कमी साखरेचा. इंदूला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्याच्या तोंडावर मी ओझं उतरल्याची खूण शोधत होतो. ती नव्हती. मी त्या दुपारी बोललो असतो तर त्याचं अर्धं ओझं माझ्याकडे आलं असतं. मी बोललो नाही. नंतर शनिवार पुष्कळ आले.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी देविदासच्या बायकोकडे, विमलवहिनींकडे गेलो. त्या तूर निवडत होत्या. त्यांची मुलगी मंगला सायकलच्या त्या प्रसंगाच्या वर्षी आठवीत माझ्या वर्गात होती, आता तिला दोन मुलं आहेत. ती सासरी परत गेली होती. मी बसलो आणि बशीचं सगळं सांगितलं. जे देविदासला सांगायचं होतं ते त्यांना सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालूच होता.

"त्याईले माहीत होतं मास्तर," त्या म्हणाल्या. "सायकलच्या दुकानातून आले त्याच दिवशी मंगली बोलून गेली, आमाले सरांनी शिकवलं हे. वही काढून दाखवली तिनं. त्याईनं दोनदा वाचली."

पुढचंही त्यांनीच सांगितलं.

"मी म्हनलं, मंग मास्तरले काऊन नाई इचारत? तर म्हने, माह्याजवळ तू आहेस, मंगली आहे. मास्तरजवळ कोनी नाई. चूक माह्याजवळच राहू दे."

त्यांनी सुपातली तूर पाखडली आणि मला चहा विचारला. मी घेतला. त्यात साखर पुष्कळ होती.

दहा वर्षं तो दर शनिवारी माझ्यासमोर येऊन बसला, सगळं माहीत असून. मी लपवत होतो ते मला लपवू देत होता. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, असं विमलवहिनींना वाटलं असावं. मला माझं रिकामं घर आणखी मोठं वाटलं.

शनिवारी दुपारी आता मी वाचतो. आठवीच्या पुस्तकात रबराचा धडा अजून आहे. इंदू गेली त्या वर्षापासून मी बशी मांडणं सोडलं होतं, धडा नुसता वाचून, वहीत लिहून देत होतो. यंदा तो दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. माझ्या घरात जवसाचं तेल नसतं. काल मी ते आणून ठेवलं आहे.